पेणचं फिनलंड होताना

१ जानेवारी १९९५, रविवार. सकाळी ७.१०
नवी डायरी. संकल्प तीन. एक, पहाटे पाचला उठणे (उद्यापासून). दोन, तिसरी भाकरी बंद. तीन, पेण विज्ञान मंडळाचा सचिव या नात्याने यंदा काहीतरी ऐतिहासिक करणे. काय, ते अजून ठरलेलं नाही. दुपारपर्यंत ठरेल.

दुपारी २
ठरलं! रेडिओवर ऐकलं. आजपासून ऑस्ट्रिया, फिनलंड आणि स्वीडन युरोपियन युनियनमध्ये सामील. मी ताटावरून उठून उभाच राहिलो. मालतीला वाटलं घशात काटा अडकला. तिने पाठीत दोन धपके घातले. बायको असली तरी द्रष्टेपणा आणि काटा यांतला फरक कळायला हवा.

४ जानेवारी, बुधवार
पाचला उठलो नाही. पण फिनलंडमध्ये त्या वेळी रात्रीचे दीड वाजलेले असतात, म्हणजे तसं पाहिलं तर लवकरच उठलो.
वाचनालयात बसून सगळं वाचून काढलं. विलक्षण! युनियनमध्ये गेल्यावर देशाचं विज्ञान-धोरणच पालटतं. आपल्या शास्त्रज्ञांनी कशाचं संशोधन करायचं हे पूर्वी त्या देशाच्या राजधानीत ठरायचं, आता बरंचसं ब्रुसेल्समध्ये ठरणार. सगळ्यांनी पैसे एका हंड्यात घालायचे आणि त्यातून ज्याने त्याने अर्ज करून मागायचं. तेही एकट्याने नाही. दोन देशांचे लोक एकत्र आले तरच प्रकल्प मंजूर.
तीन वेळा वाचलं. तिसऱ्यांदा माझे डोळे भरून आले. पेण म्हणजे फिनलंडच आहे. छोटं, हुशार, दुर्लक्षित.

१५ जानेवारी, रविवार
मंडळाची सभा. एकूण सभासद अकरा. दोघे ठाण्याला राहायला गेले. एक वारले, पण नाव कमी करणं बरं दिसत नाही. हजर चार.
प्रस्ताव मांडला: रोहा विज्ञान परिषदेबरोबर संघ स्थापन करायचा. अलिबागच्या मंडळालाही पत्र टाकायचं. माझ्याच शाळेत रसायनशास्त्र शिकवणारी नम्रता म्हणाली, सर, यात आपल्याला काय मिळणार आणि आपलं काय जाणार? मी म्हटलं, प्रश्न संकुचित आहे. तिने तो इतिवृत्तात लिहून घेतला. संकुचित हा शब्द मात्र लिहिला नाही.

२ फेब्रुवारी, गुरुवार
अलिबागचं उत्तर आलं. नको म्हणतात. नॉर्वेनेही युनियनला नकोच म्हटलं होतं! मासळी भरपूर असली की माणसाला संघाची गरज वाटत नाही.
रोह्याचं उत्तर मात्र होकाराचं. तिथले अध्यक्ष चौबळसाहेब, कंपनीतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त. पत्रात मला ‘दूरदृष्टीचे शरदराव’ असं म्हटलंय. पत्र मालतीला मोठ्याने वाचून दाखवलं. ती म्हणाली, दूरदृष्टीला जवळचा चष्मा लागतो तो कपाटावर राहिलाय.

१९ फेब्रुवारी, रविवार
करारनामा लिहून पूर्ण. अकरा पानं. एका बैठकीत. (मधे जेवण. भाकऱ्या चार, पण करार एकदाच होतो.)
कलम दोन: संशोधनाचे विषय संघ ठरवेल. कलम तीन: मतं सभासदसंख्येप्रमाणे. आपण अकरा, रोहा शेहेचाळीस. नम्रता म्हणाली, म्हणजे प्रत्येक वेळी आपण हरणार. मी समजावलं, मतांना किंमत नसते, वजनाला असते. कलम चार: दोन्हीकडची उपकरणं संघाच्या मालकीची, मुक्काम रोह्याच्या कपाटात. कलम सहा: उपकरण हवं असल्यास तीन प्रतींत अर्ज, त्यावर पेणच्या एका आणि रोह्याच्या एका सभासदाची सही. युरोपच्या तोडीस तोड! हे कलम सुचलं तेव्हा अंगावर काटा आला.
आपल्याकडचं उपकरण एकच. पाण्यातला खार मोजायचं यंत्र, ज्याला खाडीकाठचा सगळा खारेपाट ‘मिटर’ म्हणतो. खाडीचा बांध फुटून शेतात खारं पाणी शिरलं की पावसाने ते किती धुतलं गेलं हे त्यावर कळतं. मग शेतकरी पेरतात. दर पावसाळ्यात नम्रता रविवारी चिखलात उतरून ते करते. चांगलं काम आहे, पण धोरणात्मक नाही.

२६ फेब्रुवारी, रविवार. रोहा
सही झाली!! टाळ्या, शाल, नारळ. मिटर मी स्वतः लाल कापडात गुंडाळून चौबळसाहेबांच्या हाती दिलं. रोह्याने बदल्यात संघाला कपाट दिलं. अध्यक्षपद पुढच्या बैठकीत ठरेल. माझंच नाव येणार हे उघड आहे. चौबळसाहेबांनी दोनदा माझ्या खांद्यावर हात ठेवला.
परतीच्या गाडीत शेजारच्या माणसाला फिनलंडची सगळी हकिकत सांगितली. तो नागोठण्याला उतरला. त्याचं तिकीट पेणचं होतं असं मला वाटतं.

२ एप्रिल, रविवार
संघाचा यंदाचा विषय ठरला: बॉयलरची सुरक्षितता. रोह्याच्या बाजूने शेहेचाळीस मतं. आपल्यातर्फे मीही बाजूनेच दिलं, एकजूट दिसावी म्हणून. अध्यक्षपद चौबळसाहेबांकडे. तात्पुरतं, तीन वर्षं.
नम्रता म्हणाली, पेणमध्ये बॉयलर कुठे आहे? मी म्हटलं, फिनलंडमध्ये द्राक्षं पिकत नाहीत, तरी ते आता वाईनच्या धोरणावर मत देणार. तिने इतिवृत्ताचं पान उलटलं. पटलं असावं. रामवाडीतल्या हॉटेलात इडलीचं मोठं भांडं आहे, ते प्रदर्शनात मांडता येईल.

१६ एप्रिल, रविवार. दुपारी ४
खारेपाटातल्या जित्याहून शेतकरी काळुराम आला होता. उधाणाच्या भरतीने त्यांच्या बांधाला खांड गेली, खाडी शेतात शिरली. मास्तर, यंदा मिटर लागलाच पायजे, म्हणाला. मी म्हटलं, दर वर्षी देतोच की. तेव्हा मान खाली घालून त्याने सांगितलं ते असं: दर वर्षी त्याची आत्या ठमाबाई आधी पाणी चाखते. चाळीस वर्षं मिठागरात काढलेली बाई. ती जिभेवर थेंब ठेवून पेरा किंवा थांबा सांगते आणि मग मिटरने खात्री करून घेतात. यंदा तापातून उठल्यापासून तिला मीठ आणि साखर सारखंच लागतं. बी घरात एकदाच पुरेल एवढं आहे. खाऱ्यात पडलं तर वर्ष गेलं.
हे सगळं अशास्त्रीय आहे हे त्याला सांगितलं. शब्दही दिला: जुलै लागायच्या आत मिटर तुझ्या हातात. आता आपल्यामागे संघ आहे! तो म्हणाला, संघ रव्हं द्या, तुमी हाव ना? मी आहेच.

१८ जून, रविवार
बॉयलरच्या तक्त्यांमुळे डोकं वर काढायला वेळ नाही. काळुरामचा अर्ज लिहिला. दोन प्रती झाल्या, कार्बन पेपर संपला. उद्या नक्की.

२५ जून, रविवार
काळुराम येऊन गेला. मी पूजेत आहे असं मालतीला सांगायला लावलं. ती म्हणाली, मी खोटं बोलणार नाही, तर मग खरंच पूजेला बसलो. दीड तास. पायाला मुंग्या.

२९ जून, गुरुवार
मोठी बातमी! रविवारी रोह्याला संघाची बैठक, त्यात मिटरचा विषय घेतलाय (क्रमांक नऊ). तिसऱ्या प्रतीची गरजच नाही, मी स्वतःच जातोय. काळुरामला निरोप धाडला: रविवारी संध्याकाळी पेण स्टेशनवर थांब, हातात देतो.

२ जुलै, रविवार. संध्याकाळी ७.४०
काय दिवस! विषय क्रमांक एक, माझा सत्कार. विषय दोन, मला ‘उपकरण-वापर नियम उपसमिती’चा अध्यक्ष केलं. एकमताने! मी पंचेचाळीस मिनिटं बोललो. राष्ट्रीय विज्ञान-धोरण आणि प्रादेशिक संघ. मागच्या रांगेतही सगळे डोळे मिटून ऐकत होते. मग चौबळसाहेब बोलले, मग मसाला दूध, मग गाडीची वेळ झाली. सगळे मला सोडायला स्टेशनपर्यंत आले.
पेणला उतरलो तर गळ्यात हार, बगलेत शाल, हातात नारळ. पुढे काळुराम डोक्यावर प्लास्टिक घेऊन उभा. त्याने हाराकडे पाहिलं, मग माझ्या हातांकडे. मिटर?
विषय क्रमांक नऊ राहिला.
त्याला अध्यक्षपदाचं सांगितलं. तो म्हणाला, बरा झाला. नारळ त्याला देऊ केला. घेतला नाही.
मला फार वाईट वाटलं. जेवलो नाही. (एकच भाकरी.)

५ जुलै, बुधवार
उपाय सापडला! यंत्राशिवाय. रोह्यातल्या पावसाची सरासरी घेतली, पेणची अंदाजे धरली आणि गणित मांडलं. खार निश्चित धुतला गेलाय. काळुरामला चिठ्ठी पाठवली: खुशाल पेर. संघाचा पहिला शास्त्रीय सल्ला! खाली उपसमितीच्या अध्यक्षाची सही.

७ जुलै, शुक्रवार
काळुरामने पेरलं नाही. चिठ्ठी देव्हाऱ्यात ठेवलीय म्हणे. हा आदर आहे असं मी म्हटलं. मालती म्हणाली, ज्या कागदाचं काय करावं ते कळत नाही तो लोक देव्हाऱ्यातच ठेवतात.

९ जुलै, रविवार. दुपारी ३
नम्रता आणि काळुराम सकाळच्या गाडीने मला न सांगता रोह्याला गेले. अर्ज तीन प्रतींत, तिच्या अक्षरात. पेणतर्फे तिची सही. रोह्याच्या सभासदाची सही हवी म्हणून काळुरामने चौबळसाहेबांच्या जुन्या कंपनीच्या गेटवर आपला मेव्हणा हरेश याला गाठलं, शिफ्ट सुटताना. रोह्याचे सभासद शेहेचाळीस कसे ते आज कळलं: चौबळसाहेबांनी अख्खी शिफ्ट सभासद करून ठेवलीय. मग चौबळसाहेबांनी दारातच, दाढी करता करता मंजुरी दिली आणि कपाट उघडलं. एकूण अर्धा तास. साहेब म्हणाले म्हणे, कोणी मागायलाच आलं नाही, आम्हाला वाटलं तुम्हाला नकोय.
दोन गावांच्या सभासदांचा पहिला संयुक्त प्रकल्प! आणि तो झाला कशामुळे? कलम सहामुळे. ते कोणी लिहिलं? मी.
जित्याच्या पाण्याचा आकडा तेरा आला. पाचाच्या खाली लागतो. परवा माझ्या चिठ्ठीप्रमाणे पेरलं असतं तर बी जळालं असतं, असं नम्रता म्हणाली. हे तिने जरा जास्तच स्पष्ट सांगितलं.

१५ जुलै, शनिवार
उद्या मंडळाची निवडणूक. सचिव आणि संघावरचा पेणचा प्रतिनिधी. दोन्ही जागांवर माझाच अर्ज. आभाराचं भाषण तयार आहे. वीस मिनिटांत बसवलंय, विनय म्हणून.

१६ जुलै, रविवार
सभेला एकोणचाळीस माणसं! मंडळाच्या इतिहासात असं झालेलं नाही. जिते, जोहे, अख्ख्या खारेपाटातून लोक आले होते. सगळे नवे सभासद. ठमाबाईही होती, पुढच्या खुर्चीवर. मला गहिवरून आलं. माझ्या कामाची ही पावती.
सचिवपदी नम्रता. बिनविरोध, कारण माझ्या अर्जाला अनुमोदक मिळाला नाही. वारल्यावरही ज्यांचं नाव कमी केलं नव्हतं त्यांची फार आठवण आली.
संघावरचा प्रतिनिधी म्हणून काळुरामचं नाव आलं. त्याला बोलायला सांगितलं. तो म्हणाला, मला युरोप ठाव नाय. रोह्याला जाऊन इचारनार, आमचे बांधाचा काय? आमचे पान्याचा काय? नाय ऐकला तर पुना जानार. खाली बसला. याला भाषण म्हणत नाहीत. टाळ्या मात्र बराच वेळ चालल्या.
हात वर करून मतदान. चौथ्या रांगेत मालती. ती सकाळीच सभासद झाली होती, मला माहीत नव्हतं. मी तिच्याकडे पाहून हसलो. तिने काळुरामसाठी हात वर केला. चांगला उंच.
प्रतिनिधी काळुराम झाला. घरी येताना तिला विचारलं, का? म्हणाली, तुम्ही रोह्याहून काय आणलंत आणि तो काय घेऊन आला, एवढंच पाहिलं. वाईट वाटलं. खूपच वाटलं.

१८ जुलै, मंगळवार. जिते
शाळेला सुट्टी टाकून आलोय. काही काम असेल तर द्या म्हटलं. नम्रताने आकडे लिहायला सांगितलं. वही घरी राहिली, म्हणून इथेच लिहितो.
वरचं खाचर ४.१
मधलं ४.४
बांधालगतचं ४.८
काळुराम म्हणाला, उशीर झालाय पण हळवं बी हाय, लवकर पिकतं, चाललं. टोपली खांद्यावर घेऊन तो बांधाकडे निघाला. सगळी माणसं त्याच्या मागे.
नम्रताने माझ्या हातातून डायरी घेऊन पाहिली आणि मोठ्याने हाक मारली. बांधालगतचा आकडा ६.८ होता. तिने तो सांगितला तेव्हा मी संघाच्या पुढच्या बैठकीचा विचार करत होतो.
काळुरामने बियाची टोपली उतरवून खाली ठेवली. एक मूठ हातात होती, तीही परत टाकली. ठमाबाई एवढंच म्हणाली, मास्तरला सावलीत बसवा गो.
वरच्या दोन खाचरांत पेरलं. बांधालगतचं आठ दिवसांनी.
आता आकडे नम्रता लिहिते आहे. पाऊस आलाय, मिटर भिजता कामा नये. मी छत्री धरायची.