चौदाशे बारा इशारे

तीर्थस्वरूप मामांस,

साष्टांग नमस्कार. (हा साष्टांग अगदी शब्दशः घ्यावा. खुर्चीत बसून बसून पाठ धरली आहे आणि हे पत्र मी जमिनीवर पालथा पडून लिहितो आहे.) तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडल्याचं मामीकडून कळलं. आता अक्षरं स्वच्छ दिसतात का? बारीकसुद्धा? कॉम्प्युटरच्या पडद्यावरची? उगाच आपलं विचारतो आहे. गुडघा कसा आहे, गॅलरीतल्या टोमॅटोंवरची कीड गेली का, तेही कळवा. फोनच केला असता, पण तुम्ही फोन उचलून नुसतं "बोल" म्हणालात की मला पुढे काही सुचत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. आमच्याकडे सगळे मजेत आहेत. मी सोडून.

तुम्ही निवृत्त झालात आणि सुटलात. मी तुमच्याच खोलीत, त्याच न उघडणाऱ्या खिडकीशेजारी, तुमच्याच डावा हात मोडलेल्या खुर्चीत बसतो. तुम्ही मला या नोकरीत चिकटवलंत तेव्हा पहिल्या दिवशी सांगितलं होतंत, की दुसऱ्याचा कोड वाचताना फाइलच्या डोक्यावरचं नाव हाताने झाकायचं आणि मगच वाचायचं. नाव दिसलं की माणूस आंधळा होतो. ते मी आजवर पाळत आलो. लोक मला चक्रम समजतात. समजोत.

हे पत्र मामीच वाचून दाखवणार, म्हणून तिच्यासाठी खुलासा करतो. (मामा, तुम्ही तोवर टोमॅटोंना पाणी घाला.) मामी, कर्नल म्हणजे मशीनच्या पोटातला मुख्य कारभारी प्रोग्राम. मशीन चालू झालं की त्यातला काही कोड फक्त एकदाच चालतो. कुठलं यंत्र कुठे जोडलंय ते बघायचं, प्रत्येकाला जागा नेमून द्यायची आणि निघून जायचं. घर बदलताना सामान आणून टाकणारी माणसं असतात ना, तसं. कर्नल इतका चिकट, की ही माणसं गेल्याबरोबर ती उभी होती ती जागाही पुसून दुसऱ्याला देऊन टाकतो. आता महिन्याभराने कोणी त्याच जागेकडे तोंड करून "अहो, ते कपाट जरा सरकवा" म्हणालं, तर तिथे भलतंच कोणीतरी बसलेलं असतं आणि ते कपाट सरकवत नाही, घर पाडतं. मशीन जागच्या जागी बंद. अशा चुका मशीन न चालवता, नुसता कोड वाचून शोधणारं एक साधन मी दोन वर्षं खपून बनवलं आहे. याला स्टॅटिक अ‍ॅनालिसिस म्हणतात. घरी याला "तुझं ते" म्हणतात.

तर माझ्या त्या साधनाने अख्खा कर्नल वाचला आणि चौदाशे बारा इशारे दिले. मला इतका आनंद झाला की पेढे वाटायचेच बाकी होते. मग एकेक इशारा हाताने तपासून त्यापुढे "खरा" किंवा "खोटा" लिहायला बसलो. पहिल्या आठवड्यात दोनशे खोटे निघाले. शेवटी एक खरा वाटला, डिस्कच्या ड्रायव्हरमधला (मामी, ड्रायव्हर म्हणजे एकेक यंत्र चालवणारा कोड), तो मी मोठ्या थाटात सगळ्यांच्या मेल-यादीवर टाकला. (यादीत चारशे माणसं आहेत. एरवी त्यातलं एकही उत्तर देत नाही.) तो ड्रायव्हर सांभाळणाऱ्या गृहस्थांनी अकरा मिनिटांत विचारलं, की आपल्या साधनाला "जर" हा शब्द वाचता येतो का? कारण वरच्याच ओळीत अट होती, मशीन सुरू होत असेल तरच पुढे जा. बाकीच्या लोकांनी त्यांच्या मेलवर हसरे चेहरे टाकले. मोजले मी. सत्तेचाळीस.

मग मी साधनाला "जर" शिकवला. त्यात तीन आठवडे गेले. पुन्हा चालवलं, तर इशारे शून्य! मी विभागप्रमुख बाईंना बोलावून आणलं, पडदा दाखवला, कर्नल निर्दोष असल्याचं जाहीर केलं. बाईंनी चष्मा कपाळावर नेला आणि विचारलं, "पण यात फाइली किती वाचल्यात, ते दिसतंय का तुम्हाला?" तिथेही शून्य होतं. मी साधनाला रिकाम्या फोल्डरसमोर बसवलं होतं. बाईंनी चष्मा पुन्हा नाकावर आणला आणि त्या निघून गेल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता घरचं ऐका. दिवसभर तेच बघून माझी नजर बिघडली आहे. बायकोने भांडं गॅसवर ठेवलं की मी विचारतो, पाणी घातलंस का आधी? ती दाराबाहेर पडली की विचारतो, किल्ली घेतलीस का? परवा ती शांतपणे म्हणाली, "हे बघ, तुझे चौदाशे बारा तिकडे ऑफिसात. मला एकही देऊ नकोस." त्यानंतर आमचं बोलणं बेताचंच आहे.

आणि आता येत्या गुरुवारी बैठक आहे. बाईंचं म्हणणं एकच: एक तरी खरा बग दाखवा. आणि तो खरा असल्याचं मी म्हणून चालणार नाही. ज्याचं नाव त्या फाइलवर सांभाळणारा म्हणून आहे, त्याने स्वतः मेलवर "मान्य" लिहायला हवं, हा इथला नियम. (तुमच्याच काळात केलेला. फार कडक केलात हो.) नाही तर साधन बंद, आणि माझी बदली मदतपुस्तिका विभागात. माझा पूर्वीचा शेजारी तिकडे गेला, तो आता जेवायला बोलावतानाही "पायरी एक, डबा उघडा" असं म्हणतो. मामा, दोन वर्षं गेली माझी. मला खरंच रडू येतं आहे, आणि पालथं पडून रडलं की नाकात जातं. असो. माझ्या नशिबात बग नाही, एवढंच खरं. तुम्ही प्रकृतीला जपा.

तुमचा,
पालथा भाचा

ता. क. बग नाही असं वर म्हटलं ते तितकंसं खरं नाही. साधन खऱ्या फोल्डरवर पुन्हा चालवलं, तेव्हा एक सापडला आहे. (मामी, इथून पुढचं जरा हळू वाच, आणि मामांना आधी खुर्चीत बसव.) तो तुमच्या जुन्या प्रिंटरच्या ड्रायव्हरमध्ये आहे. एकदाच चालणारं फंक्शन (मामी, तीच ती सामानवाली माणसं) तिथे प्रिंटर पुन्हा जोडला की परत बोलावलं जातं. मी चालू मशीनवर वायर उपटून परत लावली. तीनदा. तिन्ही वेळा मशीन मेलं. तुमच्या काळी चालू मशीनमधून वायर कोण उपटत होतं, हे मी बैठकीत आवर्जून सांगेन. पण त्या फाइलवर सांभाळणारा म्हणून अजून तुमचंच नाव आहे, आणि आठ महिन्यांत तुम्ही मेल उघडलेला नाही.

ता. क. दुसरा. एवढं लिहिल्यावर लपवण्यात अर्थ नाही. हा इशारा पहिल्या चौदाशे बारांतही होता, नवव्या क्रमांकावर. पहिल्याच दिवशी मी त्यापुढे "खोटा" लिहून मोकळा झालो होतो. चौदाशे बारांपैकी तेवढा एकच मी न वाचता खोडला. मामा, त्या एका फाइलवरच्या नावावर मी हात ठेवायला विसरलो.

ता. क. तिसरा. पत्र घेऊन बायको आली आहे आणि ती उत्तर घेतल्याशिवाय उठणार नाही. रागवायचं तर जरूर रागवा, पण आधी "मान्य" लिहा. मामी, पासवर्ड टोमॅटोंच्या औषधाच्या डब्यावर मागच्या बाजूला लिहिलेला आहे.