साडूपेक्षा दोन वर्षांनी मोठी

२ फेब्रुवारी, रविवार
आज सासऱ्यांनी जाहीर केलं की ऐंशीव्या वाढदिवसाला त्यांना केक नको, भेटवस्तू नको. जुन्या मोटरसायकलवर मागे बसून तलावापर्यंत चक्कर हवी. माझा ऊर भरून आला. लगेच म्हणालो, माझ्या गाडीवर. त्यांनी आपल्या पँटकडे पाहिलं. मागच्या खेपेला माझ्या गाडीने त्यांच्या पँटवर थोडं तेल उडवलं होतं. थोडंच. दोन्ही पायांवर. मग ते साडूकडे वळून म्हणाले, तुमच्या गाडीवर जाऊ.

साडूची गाडी मूळ सासऱ्यांचीच. थोरला जावई म्हणून आयती मिळाली. म्हणून मी मागच्या वर्षी तेच मॉडेल हुडकून विकत घेतलं. यात हेवा वगैरे काही नाही. जुन्या गाड्यांची आवड मला लहानपणापासून आहे, ती लक्षात मागच्या वर्षी आली. शिवाय आरसी बुकाप्रमाणे माझी गाडी त्याच्या गाडीपेक्षा दोन वर्षांनी मोठी. म्हणजे नात्याने मी धाकटा जावई असलो तरी गाडीने थोरला. हे मी कुणाला बोलून दाखवत नाही. ही, शेजारी आणि ऑफिसातली मंडळी सोडून.

संकल्प: वाढदिवस नऊ मार्चला. त्याआधी तेलगळती बंद. स्वतःच्या हाताने.

४ फेब्रुवारी
गळतीचा शास्त्रीय अभ्यास. गाडीखाली वर्तमानपत्र अंथरलं. अग्रलेख भिजून चिंब, क्रीडा पान कोरडं. निष्कर्ष: तेल मधून येतं, मागून नाही. म्हणजे गॅस्केट गेला. इंजिनाच्या दोन भागांमध्ये कागदाचा नाहीतर पत्र्याचा एक पातळ तुकडा असतो, बाटलीच्या झाकणातल्या चकतीसारखा, तो गॅस्केट. हे हिला अर्धा तास समजावलं. ती म्हणाली, बदला मग. एवढा गहन विषय, दोन शब्दांत संपवला.

९ फेब्रुवारी
साडू आणि हिची ताई आले होते; सासरे नेहमीप्रमाणे होतेच. साडू न विचारता माझ्या गाडीपाशी उकिडवा बसला. म्हणाला, गॅस्केट घेताना आरसी बुकातलं वर्ष सांगू नका, इंजिनावरचा नंबर वाचून सांगा; जुन्या गाड्यांची इंजिनं बरेचदा बदललेली असतात.

टोमणा मला कळला. माझ्या गाडीच्या वयावर संशय. दोन वर्षं सलताहेत त्याला.

शिवाय बोल्ट नेमका किती आवळला हे दाखवणारा पाना देऊ केला. मी म्हटलं, नको, माझ्या हाताला कळतं. सासरे त्याच्या प्रत्येक वाक्याला मान डोलवत होते. माझ्या बोलण्यावर त्यांची मान डोलते तेव्हा त्यांना डुलकी लागलेली असते.

१५ फेब्रुवारी
स्पेअरपार्टच्या दुकानात. दुकानदाराने इंजिन नंबर विचारला. मी वर्ष सांगितलं. त्याने पुन्हा नंबर विचारला. मी पुन्हा वर्ष सांगितलं, जरा मोठ्याने. एका गिऱ्हाइकाने वळून पाहिलं. समाधान वाटलं.

त्याने दोन सेट काढले. एक माझ्या वर्षाचा, एक नंतरचा. दोन्ही सारखेच दिसतात. फक्त नंतरच्यात सिलिंडरखालच्या कागदाला बाजूला एक बारीक भोक जास्त. दुकानदार म्हणाला, घरी जाऊन नंबर बघा, फोन करा, मग न्या. मी विचारलं, माझ्या साडूच्या गाडीला कोणता लागतो. तो म्हणाला, भोकवाला. मग प्रश्नच मिटला. बिनभोकाचा घेतला.

हेड गॅस्केट, म्हणजे सिलिंडरच्या वरचा, तांब्याचा घेतला. साडूच्या गाडीत साधा आहे. तांबं ते तांबं.

१६ फेब्रुवारी
तांब्याचा गॅस्केट लाल होईपर्यंत तापवून मऊ करून घ्यायचा असतो. गॅसवर धरला. ही म्हणाली, त्या शेगडीवर दूध तापतं. म्हटलं, वडिलांच्या वाढदिवसासाठीच चाललंय. ती म्हणाली, बाबांनी मागितली चक्कर, तुम्ही लढाई काढलीत.

बायकांना यंत्रातलं कळत नाही. (तिचा भाचा म्हणतो, सायकलची चेन मावशीच बसवून देते. तो भाग वेगळा.)

२२ फेब्रुवारी
इंजिन उघडलं. जबरदस्त शोध लागला. सिलिंडरखाली इंजिनालाच एक बारीक भोक आहे, आणि जुन्या गॅस्केटलाही बरोबर तिथेच भोक. म्हणजे आधीच्या मालकाने चुकीचा, साडूछाप गॅस्केट बसवला होता. भोक ठेवल्यावर तेल येणारच, हे शेंबड्या पोरालाही कळेल. माझा नवा गॅस्केट ते भोक पक्कं झाकतो. वरून ट्यूबमधलं सीलंट थापलं. सढळ हाताने.

बोल्ट हाताने आवळले. हाताला कळलं.

२३ फेब्रुवारी
विजय! वर्तमानपत्र कोरडं. अग्रलेख अथपासून इतिपर्यंत वाचता येतो. (वाचला नाही.) कोऱ्या करकरीत पानाचा फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला. ताईंनी टाळ्या पाठवल्या. सासऱ्यांनी चुकून कुणाचातरी शोकसंदेश पुढे पाठवला.

साडूचा फोन आला. अभिनंदन केलं, मग हळूच विचारलं, वर हेडपर्यंत तेल चढतंय ना, झाकण उघडून बघितलं का. म्हटलं, बघितलं. बघितलं नव्हतं. पण त्याचा आवाज ऐकून कळलं, गडी जळतोय. प्रथमच. इतकं बरं वाटलं की एक चहा जास्त घेतला.

२ मार्च
साडू घरी आला आणि सासऱ्यांना म्हणाला, यंदा ह्यांच्या गाडीवर बसा, फार मेहनत घेतलीय ह्यांनी. मी मागून येतो. सासरे बरं म्हणाले.

मी जिंकलो. पण घास गोड लागेना. गाडीची जागा मला मिळाली आणि मोठेपणा मात्र तोच घेऊन गेला. ही संध्याकाळभर म्हणत होती, भाऊजींचं मन किती मोठं. मीही म्हटलं, मोठं आहे. दात दुखले.

९ मार्च
सकाळी. सासऱ्यांनी पांढरीशुभ्र पँट घातली. माझ्यासाठी! विश्वास म्हणतात तो हा. ते मागे बसले, माझा खांदा धरला. गाडी निघाली. मागून साडू, मुद्दाम अंतर ठेवून. आरशात तो एवढासा दिसत होता. आयुष्यात आरसा इतका कधी आवडला नव्हता.

पुलानंतर बारीक कुईकुई ऐकू यायला लागली. सासरे म्हणाले, कुठला पक्षी हा? मी म्हटलं, तलाव जवळ आला, पाणपक्षी असतील. पक्षी आमच्याबरोबरच चालला होता. चढावर त्याचा आवाज वाढला. मग एक गचका बसला आणि इंजिन जाम. सासरे माझ्या पाठीवर आपटले. त्यांना काही लागलं नाही. पँटवर एकही डाग नाही, हे नोंदवून ठेवतो.

दुपारी. साडू गाडीवरून उतरला. त्याने दोर काढला. (दोर बरोबर कशाला आणला होता?) पुढे त्याची गाडी, मागे दोराला बांधलेली माझी. सासरे त्याच्या मागे बसले आणि तलावापर्यंत, तिथून घरापर्यंत मान वळवून माझ्याकडे पाहत राहिले. हसत होते. घरी उतरल्यावर हिला म्हणाले, इतकी मजा कित्येक वर्षांत आली नव्हती.

१० मार्च
दोष तांब्याचा असावा. किंवा चढाचा. मागे बसणाऱ्याच्या वजनाचाही विचार व्हायला हवा.

१६ मार्च
साडू आला, माझं इंजिन उघडायला. मी म्हटलं होतं नको, हिने परस्पर फोन केला. त्याने आधी किटण पुसून नंबर वाचला. इंजिन नंतरच्या गाडीचं, कुणीतरी मागे बदललेलं. त्याच्या इंजिनापेक्षा तीन वर्षांनी लहान. म्हणजे मी गाडीनेही धाकटाच. ते भोक गळतीचं नव्हतंच. तिथूनच तेल वर चढायचं. मी ते बुजवलं, वरचे भाग कोरडे घासले गेले. वर तेलच नाही तर गळणार काय.

त्याने हे सांगताना चेष्टा केली नाही. येताना भोकवाला सेट घेऊन आला होता. मी निमूट त्याला पाने देत होतो. सासरे आत पत्ते पिसत माझी वाट पाहत होते. तेवढ्यात त्यांनी मला दुसऱ्यांदा हाक मारली. साडूचा हात थांबला. खाली बघतच म्हणाला,

“खरं सांगू? मला तुमचा हेवा वाटतो. बाबा आठवड्यातून दोनदा तुमच्याकडे येतात, तासन्‌तास बसतात. आमच्याकडे यायचं म्हटलं की निमित्त काढतात. माझ्याशी गाडीशिवाय बोलतच नाहीत. मी जावई कसला, त्यांच्या गाडीचा ड्रायव्हर आहे.”

मी पाना पुढे केला. तो भलताच निघाला. साडूने तरी घेतला.

पण आत असा काही गारवा पसरला म्हणून सांगू! एवढं वर्षभर मी त्याच्यावर जळत होतो, म्हणजे जळत नव्हतो, पण समजा, आणि हा माझ्यावर! गाडी त्याला दिली, जीव मला लावला. संध्याकाळी त्याला गेटपर्यंत सोडायला गेलो. मोठ्या मनाने.

१७ मार्च
ही कपड्यांच्या घड्या घालत होती. सहज विचारतोय असं दाखवून विचारलं, बाबा नेहमी आपल्याकडेच का गं येतात? ती म्हणाली, गुडघे. ताईकडे तीन मजले चढावे लागतात, आपलं घर तळमजल्यावर.

म्हटलं, आणि पत्ते? माझ्याशीच खेळतात ते?

ती म्हणाली, तुम्ही हरता ना.

मग घड्या उचलून आत जाता जाता म्हणाली, ताईच्या इमारतीत पुढच्या महिन्यात लिफ्ट सुरू होतेय. मी विचारलं, बातमी पक्की आहे का. ती म्हणाली, पक्की आहे, बाबांनीच चौकशी केली.