बर्फवाल्या मामाची माळ

ती. रंभाताईस,

हरेशचा साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात घातला, खरोखर घातला तर मला उठवायला दोन माणसं लागतात). मोरा बंदरावर सगळे खुशाल असतील. भावजींचा गुडघा कसा आहे? माझ्या पायांपेक्षा बरा असेल तर फार कौतुक कळवू नये. फोन केला की तू मध्येच रडतेस, म्हणून हे पत्र. तुझी भावजय कोमल उद्या मनस्वीच्या लग्नाच्या कामाला तुमच्याकडे येतेय, तिच्या हाती पाठवतो. एक डोळा रुमालाने बांधून लिहितोय, कारण दोन्ही उघडे ठेवले की प्रत्येक ओळ जोडीने दिसते.

मल्टिपल स्क्लेरोसिस हे नाव तू पाठ केलंस, पण त्याचे गुण तुला ठाऊक नाहीत. डॉक्टर म्हणतात, मेंदूतून निघणाऱ्या तारांवरचं आवरण झिजलंय. म्हणजे मी उजव्या पायाला 'चल' म्हणतो आणि तो 'बघू' म्हणतो. परवा बाजारात चप्पल गळून पडली, ते घरी आल्यावर कोमलने सांगितलं. (घाई कधीही लागते, त्यामुळे पनवेलमधली सगळी स्वच्छतागृहं मला तोंडपाठ आहेत.) उन्हात तर पाय पार संप करतात. गेल्या वैशाखात महादेवकाकांच्या कल्पेशची हळद होती. मांडवाखाली उकाडा, डीजे, माणसांची दाटी. हातात कोकम सरबत घेऊन निघालो, दोनदा झोकांडी खाल्ली आणि थेट हळदीच्या परातीत बसलो. आता आपल्या गावात हळदीला झोकांड्या खाणाऱ्या माणसाला काय झालंय, हे कुणी विचारतं का? दुसऱ्या दिवशी काका तुळशीची माळ घेऊन दारात उभे. "हरेश, आता पुरं झाला. माल घाल." कोमल म्हणाली, "काका, त्यांना मज्जातंतूंचा आजार आहे." काका म्हणाले, "दारून मज्जातंतूच जातान, मना माहीत हाय!" वाद घालायला अंगात त्राण लागतं, आणि ते तर मी सकाळी शर्टाची बटणं लावण्यातच संपवून बसतो. घातली माळ.

तेव्हापासून मासळी बंद! शेजारी बोंबील तळतात, आणि मी पडवळाची भाजी खातो. पाय आहेत तसेच आहेत. डॉक्टर म्हणाले अंग गार ठेवा, म्हणून भामाकडून रोज बर्फ आणतो आणि फडक्यात गुंडाळून मानेवर ठेवतो. भामा मासळीवाली भर बाजारात ओरडली, "मावरा नाय नेत, नुस्ता बर्फच कशाला नेतंस रं?" माळकरी माणूस रोज नुसता बर्फ कशाला नेतो, याचा निकाल बाजाराने तिथल्या तिथे लावला. काका आता माझ्याशी बोलत नाहीत.

तेव्हा मुद्दा असा, की मनस्वीला मांडवात न्यायचा मामाचा मान कल्पेशला दे. तो तरणा आहे, सरळ चालतो. मी मागे पंख्याखाली बसून अक्षता टाकीन.

तुझा भाऊ,
हरेश

ता.क. कल्पेशला मान दिलास तर जन्मात बोलणार नाही. पोरगी जन्मली तेव्हापासून मी या दिवसाची वाट बघतोय. तिला सांग, माझा हात घट्ट धर. मामा भाचीला नेतोय की भाची मामाला, ते लांबून कळत नाही. व्याह्यांनी विचारलं तर खुशाल सांग, मामा पितो. पिणारा मामा चालतो गं. आजारी म्हटलं की 'आजोळचं रक्त कसं' हे पोरीला विचारतील. डॉक्टर म्हणतात तसं काही नसतं, पण लग्नात डॉक्टरचं कोण ऐकतं? वर्षभर मी गप्प बसलो तो एवढ्यासाठीच.

ता.क. पाकीट बंद करताना मनस्वीचा फोन आला. तिने सासरी साखरपुड्यालाच सगळं सांगून टाकलंय म्हणे! सासू म्हणाली, "मामाला उन्हान उभं करू नका, बर्फ आमच्या बोटीवरचा हाय." डोळ्यावरचा रुमाल ओला झाला, त्यामुळे अक्षर बिघडलं. म्हणजे ताई, मी वर्षभर फुकटचा बेवडा! आता काकांना तूच समजाव आणि माळ त्यांच्याच हाताने उतरवून घे. हळदीच्या आधी मात्र, कारण हळदीला बोंबील आहेत असं ऐकतो.