सासऱ्यांच्या नावाची कचेरी

५ सप्टेंबर, सोमवार

फोन मी उचलला आणि पुन्हा तेच — "वकिली कचेरी, बोला." पलीकडचा माणूस विचारतो, कुठली वकिली कचेरी? काराकोल गावात काय एकच आहे? मी म्हटलं, बाजारामागची, निळ्या दाराची. तो म्हणाला, म्हणजे — यांची का? मी म्हटलं, हो हो, तीच! नुसतं नाव सांगायचं तर एवढा खटाटोप.

पाटीवर सासऱ्यांचं नाव आहे, आणि सुनेनं सासऱ्यांचं नाव घ्यायचं नसतं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी अपांनी, म्हणजे सासूबाईंनी, हे सांगितलं तेव्हा मला हसू फुटलं होतं. मी राजधानीत, बिश्केकमध्ये वाढलेली. स्त्रियांच्या हक्कांवर निबंध लिहून बक्षीस घेतलेली! आणि आता लग्नाला वर्षही झालं नाही तर जीभच वळत नाही. या वहीतसुद्धा नावाच्या जागी रेघ मारते. वही कोण वाचतंय? कुणी नाही. तरी रेघच.

६ सप्टेंबर, मंगळवार

चक्क काम मिळालं! चहाचं नाही, खरं काम.

राजधानीतून एक पुस्तिका निघते आहे — प्रांतांतल्या नावाजलेल्या वकिली कचेऱ्या. त्यात आमचं एक पान. सासरे (त्यांना घरी-दारी सगळे अबा म्हणतात) मला म्हणाले, तू लिही. कामाची क्षेत्रं, कचेरीचा लौकिक, वकिलांची नावं. म्हणजे माझंही नाव येणार. सनद घेऊन दोन वर्षं झाली, पण इथं पक्षकारांना मी फक्त चहा ओतणारी सून म्हणून माहीत.

लिहायला बसले आणि गोंधळच. आपण नेमकं करतो काय? तामारा एजे (एजे म्हणजे ताई) पहिल्यापासून कचेरी सांभाळतात, त्यांना विचारलं. जमिनीचे दावे? हो. वारसा? हो. सरोवराकाठची हॉटेलं? तर तर, शामशी हॉटेलवाल्याची सगळी आपल्याकडेच. कौटुंबिक? छे! मी म्हटलं, मग गेल्या आठवड्यात ते नवरा-बायको आले, दोघंही रडली, परातभर तळलेले बोरसोक खाल्ले आणि एकाच गाडीतून घरी गेली, ते काय होतं? एजे म्हणाल्या, "ते काम नव्हे गं, ती भेट." बरं, फौजदारी? "नाही. म्हणजे ओळखीच्यांचं फक्त." या गावात अनोळखी आहे कोण?

शेवटी अबांनाच विचारलं, आपली कचेरी सगळ्यात चांगलं काय करते? ते म्हणाले, "गप्प बसते. ते लिही." थट्टा होती की खरं? त्या मिशांमुळे काही कळतच नाही!

८ सप्टेंबर, गुरुवार

आज बुरुल नावाची बाई आली. चाळिशीची असेल, दोन मुली बरोबर. नवरा वसंतात वारला. आमच्याकडे आई-वडिलांचं घर धाकट्या मुलाला जातं; नवरा धाकटा, म्हणून घर त्याचं. सासू-सासऱ्यांचं सगळं हिनंच केलं, शेवटपर्यंत. पण कागदोपत्री घर अजून सासऱ्यांच्याच नावावर. आता थोरला दीर म्हणतो, घर माझं, बर्फ पडायच्या आत बाहेर पड. आणि हा दीर कोण? शामशी. आमचा हॉटेलवाला शामशी.

बिचारी वकील न करता स्वतःच कोर्टात गेली होती. कोर्टानं तिचा अर्ज परत पाठवला. का, तर दावा कुणाविरुद्ध या रकान्यात तिनं लिहिलं होतं — "आमचे थोरले". थोरल्या दिराचं नाव कसं लिहिणार! कोर्टानं खाली विचारलंय, कोण थोरले? मला आधी हसू आलं, मग वहीतली माझी रेघ आठवली. मी कुणाला हसते आहे?

अबांनी सगळं ऐकून घेतलं. मग माझ्या हातातली किटली घेतली आणि स्वतः तिचा प्याला भरला. काठोकाठ! आमच्याकडे पाहुण्याला अर्धा प्याला देतात, म्हणजे तो पुन्हा पुन्हा मागतो. काठोकाठ म्हणजे निघा आता. बुरुल उठली. चहाला तिनं हातही लावला नाही.

मला इतकी लाज वाटली की तामारा एजेंशी दिवसभर बोलले नाही. त्यांचा काय दोष होता कोण जाणे.

९ सप्टेंबर, शुक्रवार

पान दाखवलं. अबांनी वाचलं. "चांगलं लिहिलंस. यातून तुझं नाव काढ."

का, ते नाही सांगितलं. मीही विचारलं नाही. सुनेनं विचारायचं नसतं, हेही त्याच यादीत असेल!

एर्किनला रात्री जेवताना सांगितलं. तो म्हणाला, अबांच्या मनात काहीतरी असेल. नवऱ्यांना एवढं बोलता आलं की झालं.

१४ सप्टेंबर, बुधवार

बाजारात गार शेवयांचं आश्लान-फू खायला थांबले, तर शेजारच्या बाकावर बुरुल. निघून जावंसं वाटलं. तीच सरकून जागा करत म्हणाली, बस.

खाता खाता सांगितलं तिनं. तिचे सासरे गेल्यावर चाळिसाव्या दिवसाचं जेवण होतं तेव्हा शामशी सगळ्या पंगतीसमोर उठून म्हणाला होता — घर धाकट्याचं, मी त्यावर हक्क सांगणार नाही. सगळ्यांनी दोन्ही हात चेहऱ्यावरून फिरवून दुवा केली होती. मी विचारलं, पंगतीत कोण कोण होतं? तिनं चार-पाच म्हाताऱ्यांची नावं घेतली. मग जरा घुटमळली. "आणि तुमच्या घरचे मोठे. थोरल्यांच्या शेजारीच बसले होते."

घास तिथंच राहिला. म्हणजे अबांना माहीत आहे! आणि तरी काठोकाठ प्याला?

१५ सप्टेंबर, गुरुवार

काही सुचत नाही. अबा वाईट माणूस नाहीत. गुडघे दुखत असताना शेजाऱ्याच्या मयताला डोंगर चढून गेलेले मी पाहिलेत. मग हे काय? सगळा गाव म्हणतो, — आपल्या पक्षकाराला कधी सोडत नाहीत. हाच तो लौकिक, जो मी पानावर लिहिला. छान वाक्य जमलं होतं! आता तेच वाचलं की अंगावर काटा येतो.

२१ सप्टेंबर, बुधवार

कोर्टातल्या लेखनिक बाईंना सहज विचारावं तसं विचारलं, मी बुरुलचं वकीलपत्र घेतलं तर? त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "तू त्यांच्या कचेरीत आहेस ना? त्यांच्याच पक्षकाराविरुद्ध कशी उभी राहशील?" मी म्हटलं, मी कचेरीत नाही. माझं नाव कुठंच नाही, पानावरसुद्धा नाही. मी तिथली फक्त सून आहे. त्या म्हणाल्या, मग तुला कोण अडवणार? सनद तुझी स्वतःची आहे.

घरी येताना मध्येच थांबले. अबांना हे ठाऊक होतं? की मला चहापुरतीच ठेवायची म्हणून नाव काढलं? एकदा हे वाटतं, एकदा ते. सफरचंदांच्या गाडीवाल्यानं भोंगा वाजवला तेव्हा कळलं, मी रस्त्याच्या मधोमध उभी आहे.

३० सप्टेंबर, शुक्रवार

घेतलं! अर्ज मी लिहिला. "कुणाविरुद्ध" मध्ये शामशीचं पूर्ण नाव घातलं. बुरुलनं सही करताना ते नाव तळहातानं झाकलं.

घरात सांगितलं. अपांच्या हातातलं लाटणं खाली पडलं. एर्किन म्हणाला, एका घरातून दोन बाजू! बाजार काय म्हणेल? अबांनी पावाचा तुकडा मोडला, माझ्यापुढे ठेवला. "खा." बस्स. याचा अर्थ मी काय लावायचा?

११ ऑक्टोबर, मंगळवार

सकाळी धीर करून विचारलं. "अबा, त्या चाळिसाव्याच्या जेवणाला तुम्ही होतात ना?"

ते म्हणाले, "मी पुष्कळ जेवणांना असतो. जे विचारायचं ते कोर्टात विचार. घरात चहा ओत."

ओतला. संतापानं डोळ्यांत पाणी आलं होतं, कुणाचा प्याला कितपत भरला ते दिसलंही नाही.

१९ ऑक्टोबर, बुधवार

पहिली तारीख. शामशीकडून आमच्याच कचेरीतले वकील दानियार बाइके (बाइके म्हणजे दादा) उभे होते. मला पाहून ओशाळं हसले.

मी एकेका म्हाताऱ्याला बोलावलं. एकाला आठवत नाही. दुसऱ्याला ऐकूच येत नाही (बाजारात भाव करताना येतं!). तिसरा म्हणाला, "त्या दिवशीचं मटण फार मऊ होतं, तेवढं लक्षात आहे." सगळे हसले. शामशी तर पोट धरून. बुरुल हसली नाही, नुसती हातातला रुमाल बघत बसली.

न्यायाधीशबाई म्हणाल्या, आणखी कुणी आहे? मी म्हटलं, एक आहेत. नाव? मी तशीच उभी. त्या म्हणाल्या, दोन नोव्हेंबरला नाव सांगा आणि साक्षीदार आणा, नाहीतर मी निकाल देते.

२६ ऑक्टोबर, बुधवार

शामशी कचेरीत आला. मोठ्यानं हसत, अबांच्या पाठीवर थाप मारत. मला म्हणाला, "काय सूनबाई, रागावलीस का आमच्यावर? ये, चहा दे!" मी किटली उचलली. अबांनी ती माझ्याकडून घेतली, स्वतः ओतला. प्याला काठोकाठ भरला, बशीत सांडेपर्यंत.

शामशीच्या लक्षातच आलं नाही. भुरके मारत प्याला. मी अबांच्या हाताकडे पाहत राहिले. वय झालं की असं होतं, सांडतं. की...? तामारा एजे टंकयंत्रावरून मान वर करत नव्हत्या.

१ नोव्हेंबर, मंगळवार

डोंगरावर बर्फ खाली उतरलंय. बुरुलच्या अंगणात अर्धी सफरचंदं अजून झाडावर. म्हणाली, उतरवू की नको कळत नाही, कुणाची म्हणून उतरवू?

तिला काय सांगू? साक्षीदाराला मी कळवलेलंही नाही. कसं कळवू! एकाच ताटात जेवतो आम्ही. उद्या मी नाव घेतलं आणि ते म्हणाले आठवत नाही, तर बुरुलचं घर जाईल आणि माझंही. आठवतं म्हणाले, तर त्यांची कचेरी गेली. शामशी गेला की सरोवराकाठची सगळी हॉटेलं जातील, आणि तीस वर्षांचा तो लौकिकही. दोन्हीकडून मीच घर मोडणार.

आणि नाव तरी कुठं येतंय तोंडात? दुपारी मागच्या बागेत जाऊन सराव केला. पहिलं अक्षर येतं, पुढे घसा बंद. कुत्रं माझ्याकडे बघत होतं. एर्किनला म्हटलं, तू एकदा म्हण ना मोठ्यानं, मी तुझ्यामागून म्हणते. तो म्हणाला, मीही कधी म्हटलेलं नाही गं, मला ते अबाच आहेत. मग दोघंही हसलो, आणि मग मी रडले. काय करते आहे मी हे? काही म्हणजे काही कळत नाही.

सकाळी अबा माझ्या आधी बाहेर पडणार आहेत म्हणे. कोटाला अपा इस्त्री करत होत्या. कुठं जाणार, विचारलं नाही.

२ नोव्हेंबर, बुधवार

न्यायाधीशबाईंनी विचारलं, साक्षीदाराचं नाव? मी उभी राहिले. "सु—" एवढंच आलं. पुन्हा प्रयत्न केला. "सु—". शामशी हसायला लागला. तेवढ्यात मागच्या बाकावरून कुणीतरी उठल्याचा आवाज झाला.

"लिहून घ्या. सुयुनबेक, ओस्मोनचा मुलगा. मी त्या पंगतीत होतो आणि मला सगळं आठवतंय. माझ्या सुनेला माझं नाव विचारू नका."