पित्ताचं दार आणि माझं वेगळं ताट

घोडपदेव, मंगळवार

चि. रखमास दादाचा आशीर्वाद. तुझ्या गुडघ्याला उतार पडला असेल असं धरून चालतो. हे फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर तू रडतेस आणि मी रागावतो, म्हणून कागद.

तीस वर्षं मंडळाच्या रक्तदान शिबिरात मी बिस्किटं वाटली (आणि खाल्ली). यंदा सुशांत म्हणाला, बाबा, एकदा रक्तही द्या. दिलं. पुढे रक्तपेढीतून बोलावणं आलं. सत्कार असेल म्हणून इस्त्रीचा सदरा घालून गेलो, तर माझ्या रक्तात हेपेटायटिस बी निघालेला.

घरी येऊन मी माझं ताट वेगळं केलं, तांब्याला लाल दोरा बांधला. चाळीच्या पूजेचा शिरा दरवर्षी मीच ढवळतो, यंदा जिन्यात उभा राहून लांबून सूचना दिल्या. शिरा करपला (लोकांनी तो छान म्हणत खाल्ला, याचं दुःख वेगळं).

शेवटी सून आकांक्षाने (ती परळला लॅबमध्ये असते) दोरा कापला. म्हणाली, "बाबा, तो ताटातून नाय पसरत." मग समजावलं. यकृताच्या पेशीला पित्तातले क्षार आत घ्यायला एक दार असतं. हा विषाणू आधी पेशीबाहेर सैलसर चिकटतो, मग त्या दारालाच घट्ट धरतो, आणि पेशी त्याला स्वतःच आत ओढून घेते. मला यकृताचा राग येईना. चाळीत आपणही दार दिवसभर उघडंच ठेवतो. डॉक्टर म्हणतात, यकृत अजून चांगलं आहे, दर सहा महिन्यांनी दाखवत राहा. तेव्हा काळजी नसावी.

तुझा दादा,
कुशाबा

ता. क. काळजी असावी. हा रक्तातून जातो, आणि बाळंतपणात आईकडून बाळाला. आपली आई पोटात पाणी होऊन गेली, तेव्हा आपण देवऋषी गाठला, रक्त कुणी तपासलं नाही. तू तपासून घे. तुझ्या लेकीला, अंबिकेलाही घेऊन जा, तिचे दिवस भरत आलेत. तिच्यात निघालं तरी घाबरू नका, डॉक्टरांना आधी सांगून ठेवा. बाळाला जन्मल्या दिवशीच इंजेक्शनं दिली की बहुतेक वेळा ते या आजारातून वाचतं. एवढ्याचसाठी हे पत्र.

ता. क. दुसरा. दोरा कापला तरी मी अजून एकटाच जेवतो. तुझ्या रिपोर्टात काहीही निघो, बाळंतपण उरकलं की ये. लहानपणी जेवायचो तसं एका ताटात जेवू.