खूण आधी सिल्लोडला

बजाजनगर, सोमवार, १७ जून २०१९

सौ. कडूबाईस थोरल्या बहिणीचा, म्हणजे वच्छलाचा आशीर्वाद. आप्पासाहेबांचा गुडघा आता वळत असंल. इथं नळाला आठ दिवसांनी पाणी येतंय, बाकी बरं.

तर काल आधी आली अक्षदा. मी वडाला सूत गुंडाळून नुकतीच टेकले होते, आणि ही होस्टेलवरनं दारात. म्हणाली, बघ कोणाला आणलंय. मागनं गाडी लावून अंगद. माझ्या रामहरीची दोन्ही लेकरं एकदम घरात, दिवाळीनंतर पहिल्यांदा. मी इतकी हरखले की उपासाच्या भगरीत दोनदा मीठ पडलं. दोघांनी मुकाट खाल्ली. गुणाची आहेत.

अंगदचं काम तुला माहीतच आहे, तुझ्याकडं झालंय. तरी लिहिते, मला कळलं हे तुला कळावं म्हणून. त्यानं चिकलठाण्याच्या खोलीवर एक काळा डबा ठेवलाय, त्याला सर्व्हर म्हणतो. घरादाराचे फोटो, कागदं सगळं त्यात. आपण घरच्या कॉम्प्युटरवरून बघायचं. पण आपला कॉम्प्युटर त्या डब्याला वळखत नाही, लाल अक्षरात धोका म्हणतो. म्हणून डब्याचं प्रमाणपत्र प्रत्येक घरच्या कॉम्प्युटरात बसवायचं. तुझे दाजी म्हणाले, मेंढराच्या पाठीवर आपण रंगाची खूण करतो तसंच की. पाण्यावर दहा कळप मिसळले तरी खूण बघून आपलं मेंढरू आपल्याकडं.

मी सहज विचारलं, आधी कोणाकडं बसवलं? तर म्हणे सिल्लोडला तुझ्याकडं, मागच्या रविवारी. चिकलठाण्याहून बजाजनगर जवळ का सिल्लोड, तूच सांग. चहा केला. तो बशीत ओतून तीन फुंकरा मारून पितो, तुझ्यासारखा. माझ्या घरात तसं कोणी पीत नाही.

मग अंगदनं कॉम्प्युटर चालू केला, रामहरीनं अक्षदासाठी आणलेला जुना. पेनड्राइव्ह घातला, कोणत्या कप्प्यात ठेवायचं ते निवडलं. म्हणाला, "आजी, आता हा शेवटचं विचारंल, ह्याच्यावर भरवसा आहे का. डावं बटन 'हो', उजवं 'नाही'. तू दाब, तुझ्या हातानं होऊ दे."

तेवढ्यात त्याचा मोबाईल वाजला. टेबलावरच होता. चौथीपर्यंतच शिकले, पण दोन अक्षरं वाचता येतात. त्यावर लिहिलं होतं, आजी.

फोन तुझा होता. तो जेवला का विचारायला केलास ना तू? तो बोलत बाहेर ओट्यावर गेला, हसत होता.

कडू, तू नुसती आजी. मग मला त्यानं काय नाव लावलंय, ते मी विचारलं नाही.

मी उजवं दाबलं.

तो आला, बघतो तर लाल अक्षरं तशीच. पोरगं बुचकळ्यात. शोधता शोधता कोपऱ्यातली तारीख दिसली. म्हणाला, "ह्याला वाटतंय अजून दोन हजार बाराच चालू आहे. आतला सेल गेलाय. प्रमाणपत्र यंदाचं, ते ह्याला खरं कसं वाटंल?" तारीख नीट करून परत बसवणार, तर लाईट गेली. अंधार पडायच्या आत निघायचं होतं. सगळा दोष बिचाऱ्या सेलवर गेला.

फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू मधीच हसतीस.

आणि बाराचं साल निघालंच आहे म्हणून. त्या साली विहीर आटली, आम्ही मेंढरं घेऊन गोदावरीच्या अंगाला गेलो. अंगद आठवीत. इथं सगळ्यांना मी सांगत आले, कडूला लेकरू नाही, तिनं पदर पसरला म्हणून तीन वर्षं पोरगं दिलं. तुझ्या कानावर आलं असंल, तू कधी उलटून बोलली नाहीस. पदर मी पसरला होता. तुझ्या दारात, पोराचं दप्तर हातात घेऊन. तू 'आत या' एवढंच म्हणालीस.

हे मी रामहरीला सांगितलंय, काल रात्री जेवताना. अंगदला सांगायचं राहिलंय.

अंगदनं त्या डब्यातले फोटो मोबाईलवर दाखवले होते. दहावीच्या निकालाचा एक आहे, तू त्याला पेढा भरवतीस. माझी नजर सारखी तिथंच जाती. चांगला आलाय फोटो. तू जरा काळी दिसतीस.

तू ये. माझ्या शेजारी बस, मी डावं दाबते. आणि त्याच्या मोबाईलात माझं नाव काय आहे ते तू विचार, मला विचारवत नाही.

पोरं नवा सेल घेऊन येत्या रविवारी येतो म्हणालीत, तेवीस तारखेला, सकाळी. तू शनिवारीच ये.

तुझी,
अंगदच्या दोन आज्यांतली एक,
वच्छला