जागा सारखी करणं

सोमवार, ३ मार्च
जेवणाचं टेबल, दोन कपाटं, जिन्याचा कठडा, मुलीचा पाळणा, सासूबाईंची आरामखुर्ची – सगळं माझ्या हातचं. एकातही खिळा नाही. शिकवायला कोणी नव्हतं. बघून बघून शिकलो. म्हणून आज डोकं फिरलं. मेहुण्याने खुर्चीच्या पायाची चीर लांबी-पुट्टी भरून बुजवली, वर पॉलिश मारलं आणि गिऱ्हाइकापुढे ठेवली. मी गिऱ्हाइकादेखतच नखाने लांबी उकरून काढली. म्हटलं, ही फसवणूक आहे, काम नव्हे. मेहुणा हळूच म्हणाला, "दाजी, घरी बोलू." म्हटलं, घरी तू बायकोचा भाऊ, इथे चोर. कारखान्याची किल्ली काढून घेतली.

मंगळवार
ही बोलत नाही. ताटसुद्धा आपटलं नाही, ते जास्त लागलं. शेजारच्या दोन्ही कारखानदारांच्या कानावर घातलं – मेहुण्याला कामावर ठेवाल तर डोळे उघडे ठेवा.

गुरुवार, ६ मार्च
डॉक्टरीणबाईंचं पुस्तकांचं कपाट उद्या द्यायचं. मी कागदावर आकृती काढत नाही. काठीवर खुणा करतो, ती लाकडाला लावून मापं घेतो. आज काठी उलटी धरली गेली. फळीची खाच बोटभर खाली पडली. दुसरं लाकूड नाही, वेळ नाही. भुसा आणि सरस कालवून बुजवली. तिथे भार येत नाही. शिवाय पुस्तकांमागे झाकली जाईल. शिवाय मेहुण्याने आळसाने केलं, मी नाइलाजाने. शिवाय – पुरे.

शुक्रवार
पॉलिशचा रंग मला जुळेना. बुजवलेली जागा पांढरी फटक. तेवढ्यात मेहुणा आपले ब्रश न्यायला आला. बघितलं. काही न बोलता उकिडवा बसला, चिमूटभर रंग घेऊन बोट फिरवलं. जागा मलाच सापडेना.
"दाजी, रंग भुशातच मिसळत जा. वकिलांच्या कपाटाला मला फार घोटावं लागलं होतं. शाळेच्या टेबलालाही."
त्या दोन्ही ठिकाणी चुकलेली खाच मीच बुजवली होती. विसरलो नव्हतो. त्याला कधी फसवणूक म्हटलं नव्हतं, इतकंच. 'जागा सारखी करणं' म्हणायचो.
"खुर्चीचं मात्र तुम्ही बोललात ते खरं," म्हणाला, "चुकलंच माझं."
शिवी हासडली असती तर बरं झालं असतं. विचारलं, कुठे काम मिळालं?
"कोण देतंय? दोघंही म्हणाले, तुझ्या दाजींचा शब्द कसा मोडायचा."
किल्ली खिशात होती. हात खिशातच राहिला.

रविवार
शेजारच्या कारखानदारांना करायला फोन घेतला, ठेवला. पुन्हा घेतला, ठेवला. शब्द मागे घ्यायचा तर कारण सांगावं लागेल. ते कारण वकिलांच्या घरी उभं आहे, वर माझं नाव कोरलेलं.

मंगळवार, ११ मार्च
गावाबाहेरच्या मोठ्या फर्निचर कंपनीचे मालक स्वतः आले. "सख्ख्या मेहुण्यालाही सोडलं नाहीत म्हणे. मला असाच माणूस हवा." काम एवढंच – खुर्चीत बसायचं, दुसऱ्यांच्या लाकडातले दोष काढायचे, सापडेल त्याला तिथल्या तिथे घरी पाठवायचं. नाही म्हटलं. "मानी आहात," म्हणाले. ते खोडलं नाही. ही दारामागून ऐकत होती.
महिना साठ हजार देत होते.